तापीच्या काठचा समुद्र : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून समुद्राविषयी पत्रं आली. निवडक प्रश्न आणि आमच्या जाणकार मंडळींनी दिलेली उत्तरं पुढे देत आहोत.

शाळा उघडली की मुलांसाठी 'समुद्र सप्ताह' घ्यायचा विचार आहे. पालक मात्र म्हणतात, "आपले समुद्रनं काय करनं से?" मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?
— शिक्षिका, अमळनेर

बोरी नदीपासून करा. तुमची बोरी तापीला मिळते. धुळ्याची पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते. गिरणा, वाघूर, अनेर, अरुणावती, गोमाई यांची वाटही तीच. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ खंबातच्या आखातात उतरते. नंदुरबारच्या उत्तर टोकाचं पाणी नर्मदेला जातं आणि नर्मदाही त्याच आखातात पोचते. म्हणजे खान्देशात पडलेल्या पावसाचा जो थेंब जमिनीत मुरला नाही, आटला नाही की अडवला गेला नाही, तो शेवटी त्या एका आखातात जातो. वर्गात नकाशा लावा आणि आपल्या गावच्या नाल्यापासून डुमसपर्यंतची रेघ प्रत्येक मुलाला स्वतःच्या बोटाने ओढू द्या.

एक गोष्ट मुलांना खरी खरी सांगा. नाल्यात टाकलेली प्रत्येक पिशवी समुद्रात पोचत नाही. वाटेत हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे उकाई ही धरणं-बंधारे आहेत. बराच कचरा धरणाच्या फुगवट्यात अडकतो, काठावर उन्हाने कडक होऊन तुकडे होतो आणि दरवाजे उघडले की पुढे सरकतो.

आता प्रयोग. एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा. एकीत ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण एवढाच असतो. दोन्हींत वाळवून चाळलेली काळी माती एकेक चमचा टाका, मिनिटभर जोरात हलवा आणि ठेवून द्या. खाऱ्या बाटलीत मातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि पाणी लवकर निवळू लागतं. गोड्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. दोन्ही बाटल्या सारख्याच निवळल्या, तर एक तर पाणी बोअरचं जड होतं, नाहीतर माती चुनखडीची होती. दोन्हींतले क्षार तेच काम करतात जे मीठ करतं. म्हणून पाणी पावसाचंच घ्या आणि माती पांढरे खडे नसलेली घ्या.

नदीच्या मुखाशी हेच घडतं. तापीने आणलेला गाळ खाऱ्या पाण्याला भिडला की गुठळी होऊन बसतो आणि तिथे चिखलाची सपाट मैदानं तयार होतात. त्या चिखलात तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, मूळ धरतात, खेकडे बिळं करतात, कोळंबीची पिल्लं वाढतात. मातीच्या कणाला चिकटून गेलेली कीटकनाशकंही तिथेच बसतात. कापसावर गरजेपेक्षा जास्त झालेली फवारणी कुठे जाते, याचं निम्मं उत्तर या बाटलीत आहे.

केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग लावतो, टरबुजाला जमिनीवर मल्चिंग पेपर अंथरतो. काढणीनंतर हे सगळं बांधावर पडतं. समुद्राचं नुकसान यानेही होतं का? आणि याचं करायचं काय?
— शेतकरी, रावेर तालुका

होतं, आणि कारण साधं आहे. स्कर्टिंग बॅग दिसते कापडासारखी, पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते. मल्चिंग पेपर पॉलिथिनचा. ही दोन्ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी आहेत. बादलीत पाणी घ्या, दोन्हींचा एकेक तुकडा बुडवून सोडा: वर येतील. शेजारी पीव्हीसी पाइपाचा तुकडा टाका: तळाला जाईल. जे तरंगतं ते पुराबरोबर लांब जातं. समुद्रात त्याच्यावर शेवाळ धरतं, त्याला खाण्याचा वास येतो आणि कासवं, मासे ते गिळतात.

हिशेब आधी मांडा. पाच बाय सहा फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १,४५० झाडं, म्हणजे तेवढ्याच पिशव्या. एक पिशवी ३० ते ४० ग्रॅमची धरली तरी एकरी ४५ ते ६० किलो प्लास्टिक झालं. पिशवी उन्हात एक हंगाम राहिली की तिचे धागे सुटायला लागतात. म्हणून घड कापतानाच ती काढायची, नंतर नाही. कापणीच्या टोळीबरोबर एक माणूस रिकामं पोतं घेऊन ठेवा आणि ठरवताना मजुरीत हे काम धरूनच बोला. वेगळे पैसे न ठरवल्यामुळेच पिशव्या सरीत राहतात, असा सगळीकडचा अनुभव आहे. चिकाने भिजलेल्या पिशव्या लगेच दाबून भरू नका, एक दिवस सावलीत वाळवा. ओल्या पोत्याला भंगारवाला भाव देत नाही.

मल्चिंग पेपरमध्ये बहुतेकांची चूक एकच होते: पीक संपल्यावर पेपर महिनाभर तसाच पडू देतात. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि ओढला की चिंध्या होतात. शेवटचा तोडा झाला की आठवडाभरात काढा. आदल्या दिवशी ठिबक थोडा वेळ चालवून वाफसा आणा. वेल जमिनीलगत कापा, आधी दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा, मग सकाळी गारव्यात दोघांनी मिळून बांबूवर गुंडाळत जा. माती झटकत चला, कारण मातीने भरलेला पेपर पुनर्वापरवाले घेत नाहीत. घेताना २५ किंवा ३० मायक्रॉनचा घ्या. त्याहून पातळ पेपर स्वस्त पडतो, पण निघताना एकसंध निघत नाही. आणि पेपर शेतात असताना रोटाव्हेटर मुळीच फिरवू नका. तुकडे मातीत गेले की ते परत गोळा करणं कुणाच्याही हातात राहत नाही.

बांधावर जाळणं हा उपाय नाही. धूर तुमच्याच घरच्यांच्या छातीत जातो. जळगावात पाइप आणि चटईचे कारखाने आहेत, जुन्या ठिबकच्या नळ्यांना गिऱ्हाईक मिळतंच. चार-पाच शेतकऱ्यांनी नळ्या, पेपर आणि पिशव्या वेगवेगळ्या बांधून एक गाडी भरली तर गाडीभाडं परवडतं. तिन्ही एकत्र कोंबलं तर कोणी घेणार नाही, कारण पिशव्यांचं प्लास्टिक नळ्या-पेपरच्या प्लास्टिकपेक्षा वेगळं वितळतं.

आमचं युवक मंडळ दरवर्षी गणपतीनंतर नदी साफ करतं. यंदा जास्त नीट करायचं आहे. पद्धत सांगा.
— युवक मंडळ, शिरपूर

विसर्जनानंतरची सफाई चालू ठेवा, पण मोठा दिवस आखाजीनंतर घ्या. आखाजी ते पहिला पाऊस हे दिवस खरे महत्त्वाचे. सात-आठ महिने नाल्यात आणि कोरड्या पात्रात साचलेलं सगळं पहिल्या पुराच्या लोंढ्यात निघतं. गणपतीपर्यंत त्यातलं बरंच वाहून गेलेलं असतं. उन्हाळा बघता सकाळी सहाला सुरू करा, नऊला थांबा.

सगळा काठ एकदम घेऊ नका. १०० मीटरचा एक पट्टा मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा आणि दरवर्षी तोच पट्टा घ्या, म्हणजे फरक कळतो. २० जणांचे पाच गट करा. प्रत्येक गटात दोघे वेचणार, एक पोतं धरणार, एक लिहिणार. लिहिणारा वेचायला लागला की नोंद बुडते, म्हणून त्याच्या हातात काठी किंवा पोतं देऊ नका. नोंदीला आठ रकाने पुरतात: पिशव्या, गुटखा-शॅम्पूच्या पुड्या, बाटल्या, थर्माकोल, चपला, कापड-साड्या, शेतीचं प्लास्टिक, काच-धातू. शेवटी प्रत्येक प्रकार वेगळा करून काटा लावा. चिखल झटकून, पाणी निथळून वजन करा, नाहीतर चिखलाचंच वजन लिहिलं जाईल.

दोन चुका नेहमी होतात. ढिगाखाली हात घालतात, आणि उन्हाळ्यात अशा ढिगाखाली घोणस किंवा विंचू असू शकतो. आधी लांब काठीने उलटा, जाड हातमोजे आणि बंद बूट हवेतच. दुसरी चूक अधिक वाईट: भरलेली पोती काठावर रचून, फोटो काढून सगळे घरी जातात. घंटागाडी येत नाही, आठवड्यात पाऊस येतो आणि वेचलेलं सगळं पोत्यासकट नदीत जातं. नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी ठरल्याशिवाय तारीख जाहीरच करू नका, आणि शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत दोघांनी तिथे थांबा.

रकान्यांचे आकडे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. गुटख्याच्या पुड्या जास्त निघाल्या तर पुलाजवळच्या टपऱ्यांशी बोलायला हवं, थर्माकोल जास्त निघाला तर मंगल कार्यालयाशी. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

बाजारात सुकट घेताना शेजारीण म्हणाली, जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, खाऊ नये. खरं आहे का? चांगली सुकी मासळी ओळखायची कशी?
— गृहिणी, धुळे

जवळा ही कोळंबीची पिल्लं नव्हेत. ती वेगळी जात आहे, पूर्ण वाढ झाली तरी दोन-तीन सेंटिमीटरचीच राहते. तेव्हा जवळा खाण्यात गैर काही नाही. शेजारीणबाईंच्या शंकेत तथ्य मात्र आहे. जवळा पकडायला अगदी बारीक आसाची जाळी लागतात आणि त्यात इतर माशांची पिल्लंही सापडतात. शंभर ग्रॅम सुकट पांढऱ्या कागदावर पसरा. लालसर, काळ्या डोळ्यांचा एकसारखा जवळा दिसला तर माल निवडलेला आहे. चपटे चंदेरी तुकडे, छोटे बोंबील, नखाएवढे मासे बरेच दिसले तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घ्या आणि का घेत नाही ते विकणारीला सांगा. तिच्या पाटीमागे मोठा व्यापारी असतो, गिऱ्हाइकाची तक्रार तीच त्याच्यापर्यंत पोचवते.

सुका बोंबील मिठाशिवाय, बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवतात. ओल्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे किलोभर सुक्या बोंबलाला सात-आठ किलो ओला लागतो. चांगला बोंबील पिवळसर पांढरा असतो आणि वाकवला की मोडतो. लवचिक असेल तर ओल राहिली आहे, पावसाळ्यात बुरशी धरणार. खारवलेल्या माशावर गुलाबी-लाल थर आला असेल तर तो घेऊ नका. मिठातही जगणारे जिवाणू तो थर धरतात. पावसाळ्याची बेगमी मेमध्येच करा, घरी आणून एक कडक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ताज्या मासळीचंही लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ. त्या दिवसांत बाजारात समुद्री मासळी दिसली म्हणजे ती चोरीचीच असं नाही. शीतगृहातली किंवा पूर्व किनाऱ्यावरची असू शकते. तळहाताहून लहान पापलेट मात्र कुठल्याच महिन्यात घेऊ नका. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तो त्याची संख्या घटत असल्याच्या काळजीतूनच.

यात्रेत एकाकडून 'इंद्रजाल' घेतलं. दारावर लावलं की बाधा होत नाही म्हणतात. ही कुठली वनस्पती?
— वाचक, शहादा

वनस्पती नाही, प्राणी आहे. समुद्राच्या तळाशी वाढणारं काळं प्रवाळ किंवा पंखासारखं पसरणारं सागरी प्रवाळ म्हणजे हे इंद्रजाल. हजारो बारीक जिवांनी मिळून बांधलेलं ते घर आहे आणि ते फार सावकाश वाढतं. काळ्या प्रवाळाच्या काही जाती शेकडो वर्षं जगतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते येतं. विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत आहे. ते कुणाला देऊ-विकू नका, जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन स्वतः हवाली करा. यात्रेत पुन्हा कोणी विकताना दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याच पाटीवर 'हत्थाजोडी' असते, तीही मुळी नव्हे. तो घोरपडीचा अवयव आहे, आणि तोही बेकायदाच.

आठवी-नववीच्या मुलांची सहल समुद्रावर न्यायची आहे, नुसती पोहायला नाही, जीव बघायला. कधी न्यावी? कुठे न्यावी?
— मुख्याध्यापक, नंदुरबार

तुम्हाला सगळ्यात जवळचा समुद्र सुरतचा, ताप्ती लाइनच्या गाडीने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तापी समुद्राला कुठे मिळते हे दाखवायला डुमस योग्य आहे. पण तिथे काळी वाळू आणि चिखल आहे, खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो आणि पाणी झपाट्याने चढतं. मुलांना ओहोटीत चिखलावरून आत जाऊ देऊ नका, काठावरूनच बघा. जीव बघायचे तर खडकाळ किनारा लागतो. मुंबईत वांद्र्याचा कार्टर रोड सोयीचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पहाटे आणि संध्याकाळी. तिथे फ्लॅश नको, टॉर्च नको, दोरीच्या आत पाय नको.

वेळ पंचांगावरून काढा. कोकणात पूर्वापार हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण असतं, पाणी खूप मागे हटतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, तेव्हा खडक फारसे उघडे पडतच नाहीत. म्हणून द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ सहलीला उत्तम. हा हिशेब मुंबई-कोकणाचा. खंबातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा उशिरा येते, तिथे हा लावू नका. आणि मुंबईतही आदल्या दिवशी भरतीचं छापील कोष्टक पाहून खात्री करा, अर्ध्या तासाचा फरक पडतो.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर उतरा आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरायला लागा. दहा मुलांमागे एक शिक्षक. पायात घट्ट बसणारे रबरी तळाचे बूट, चप्पल नाही. शेवाळावर चप्पल घसरते आणि कालवांच्या कडा पाय कापतात. दगड उचलून पाहिला तर त्याच बाजूने परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंख कितीही सुंदर दिसला तरी हात लावायचा नाही: आत संन्यासी खेकडा राहत असू शकतो, आणि शंकूच्या आकाराच्या काही गोगलगायी विषारी डंख मारतात. जेलीफिश लागला तर चोळायचं नाही, साधं पाणी ओतायचं नाही. चिकटलेले तंतू काडीने काढून समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. गोड्या पाण्याने उरलेले डंख एकदम सुटतात.

जाण्याआधी वर्गात दहा जीवांची चित्रं दाखवा आणि 'यातले पाच शोधा' एवढंच काम द्या. तीसचाळीस नावं दिली तर मुलं कागदातच बघत बसतात.

आमच्या बचत गटाला आखाजीला पथनाट्य करायचं आहे. लोकांना नदी-समुद्राचं सांगायला गेलं की ते भाषण म्हणून उठून जातात.
— महिला बचत गट, पारोळा

गुजरातच्या किनाऱ्यावर काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. वेरावळच्या बाजूला त्याची शिकार होई, यकृताचं तेल काढून होड्यांना लावत. २००१ साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्याने शिकार थांबेना. २००४ मध्ये रामकथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला 'व्हाली' म्हटलं, बाळंतपणाला माहेरी आलेली लाडकी लेक. कोळ्यांना ते पटलं. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क ते स्वतःचं जाळं कापून सोडू लागले, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची सोय सरकारने केली. ही दुसरी बाजू विसरू नका: भावना जागी केली, आणि गरीब माणसाचं नुकसानही भरून दिलं.

आखाजी हाच तर लेकीबाळी माहेरी येण्याचा सण. तुमच्या नाट्यात नदी ही लेक होऊ द्या. मुलताईहून निघालेली तापी सासरी समुद्राकडे चालली आहे आणि प्रत्येक गाव तिच्या ओटीत काय घालतं ते एकेक बाई येऊन घालते: एक केळीची पिशवी, एक शॅम्पूच्या पुड्यांची माळ, एक निर्माल्याची थैली. सगळ्या वस्तू खऱ्या वापरा, चित्रं नकोत. बारा-पंधरा मिनिटांच्या वर लांबवू नका. मध्ये एक पाण्याची बादली ठेवा आणि काय तरंगतं, काय बुडतं ते बघ्यांपैकीच कुणाला तरी टाकून पाहू द्या. गर्दी तिथे थांबते. बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या आत करा. संपल्यावर त्याच पुड्या-पिशव्या मोजून पोत्यात भरा आणि भंगारवाल्याला तिथेच बोलावून ठेवा, म्हणजे कोणती वस्तू तो घेतो आणि कोणती घेत नाही हे लोकांना त्याच्याच तोंडून ऐकता येईल.